चाकं बदलताय? आधी रस्ता सांगा!

अप्रेझल झालं, हातात थोडे जास्तीचे पैसे आले. ईएमआयवर घेतलेली थार किंवा जिमनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहेच. आता तिला जरा ‘लुक’ पाहिजे! मग शनिवारी दुपारी स्वारी थेट टायरच्या दुकानात. भिंतीवर काळे, मॅट, लाल कडेचे अलॉय टांगलेले. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘साहेब, किती इंची टाकू? अठरा की वीस?’’ खरं तर त्याने विचारायला हवं, ‘‘साहेब, जाणार कुठे?’’

कारण बॉस, फोर बाय फोरची चाकं कॅटलॉग बघून नाही, नकाशा बघून घ्यायची असतात.

उदाहरण म्हणून अहिल्यानगर जिल्हा घ्या. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, बोलण्यात अजूनही नगरच.) पश्चिमेला अकोले तालुका. शेंडीहून निघायचं आणि मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालायचा. मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलात की खाली सह्याद्रीचा काळा दगड, फुटला की सुरीसारखी धार. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला शेवगाव-पाथर्डीकडची काळी माती. पावसात शेतरस्ता चाकाला असा चिकटतो की टायरची नक्षीच दिसेनाशी होते. आणि या दोन्हीकडे पोचण्याआधी पुण्या-मुंबईहून काही तास निव्वळ डांबरी रस्ता! म्हणजे दगड, चिखल आणि हायवे. तिन्हीकडे दहापैकी दहा मार्क मिळवणारं चाक अजून बनलेलं नाही. तुमचा जास्त वेळ कुठे जातो, ते आधी ठरवा.

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे. २०२० साली आलेल्या थारला कंपनीनेच दोन साइज दिल्या: २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची टायरच्या बाजूच्या भिंतीला, म्हणजे साइडवॉलला आहे. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. हिशोब केला तर १६ इंची रिमवर साइडवॉल साधारण १८४ मिलिमीटर आणि १८ इंचीवर १६६. चाकाची एकूण उंची मात्र जवळपास सारखीच, ७७४ आणि ७८९. आता तेवढ्याच उंचीत २० इंची रिम बसवलात, तर साइडवॉल उरते जेमतेम १४०. सोळाच्या तुलनेत तब्बल ४४ मिलिमीटर रबर आणि हवा गेली, त्या जागी धातू आला!

हीच हवा तर ऑफरोडचं खरं भांडवल आहे. खडकाळ वाटेवर किंवा चिखलात जाणकार ड्रायव्हर टायरची हवा कमी करतात, ३०-३२ पीएसआयवरून १८-२० पर्यंत. टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, दगडाला मिठी मारल्यासारखा चढतो. साइडवॉल उंच असेल तरच हे जमतं. भिंत बुटकी असेल तर दगडाचा दणका थेट रिमवर. आणि हो, डांबरावर परत आलात की आधी हवा भरायची. मऊ टायरवर हायवेला ऐंशी-नव्वदने पळणं म्हणजे टायर तापवून फोडण्याची तयारी. म्हणून डिकीत छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज पाहिजेच. अलॉयपेक्षा स्वस्तात येतात.

मग स्टील की अलॉय? नगरमध्येच डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे, तिच्या ट्रॅकवर लष्कराच्या गाड्यांचा घाम काढला जातो. आता लष्करातली जिप्सी आठवा. साधी पोलादी डिस्क, वर भरपूर रबर, नखऱ्याचं नाव नाही. पोलादी डिस्क दगडावर आपटली तर बहुतेक वेळा वाकते आणि ठोकून तात्पुरती सरळ करून गावापर्यंत आणता येते. स्वस्तातला कास्ट अलॉय तडकतो आणि तिथेच वीकएण्ड संपतो. चांगल्या कंपनीचा अलॉय हलका आणि मजबूत असतो, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण महागड्या ब्रॅण्डची हुबेहूब नक्कल अर्ध्या किमतीत मिळाली, तर उरलेली अर्धी किंमत कुठून वाचली, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. रिमवर आयएसआय चिन्ह आणि लोड रेटिंग शोधा. दिसत नसेल तर पुढचं दुकान.

डिझाइन पसंत पडलं तरी तीन गोष्टी जुळल्याशिवाय कार्ड स्वाइप करू नका. पहिली पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास. जिमनीला पाच नट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. ‘‘जरा ओढून बसवू’’ असं कोणी म्हणालं तर चावी घेऊन बाहेर या. दुसरी मधलं भोक, जे हबवर घट्ट बसलं पाहिजे. सैल असेल तर हायवेवर स्टीअरिंग थरथरणार. तिसरी ऑफसेट. तो कमी केला की चाक बाहेर येतं, गाडी पैलवानासारखी दिसते. पण बेअरिंगवर ताण वाढतो, स्टीअरिंग जड होतं आणि चिखल उडून थेट दारांवर. नवीन रिमला नटसुद्धा वेगळ्या आकाराचे लागू शकतात. जुने जपून ठेवा, स्टेपनी पोलादी असेल तर तिला तेच लागतील. आणि बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा पान्याने तपासा. घाटात चाक सैल झालं तर ‘लुक’ बघायला कोणी उरायचं नाही.

टायर मोठा केलात तर मीटरही खोटं बोलू लागतो. उंची पाच टक्क्यांनी वाढली, तर मीटर ८० दाखवताना तुम्ही ८४ ने पळत असता. चाक जड, म्हणजे पिकअप कमी, अ‍ॅव्हरेज कमी आणि ब्रेकला काम जास्त. घाट उतरताना हे शेवटचं विसरू नका.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे सगळ्यात बिनघोर वाट म्हणजे कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरिअंटला दिलेली साइज. विमा कंपनीलाही लेखी कळवून टाका. क्लेमच्या वेळी समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

आणि स्टेपनी? चार नवी चाकं घेऊन पाचवं जुनंच ठेवायचं, ही आपली खास काटकसर. पण वेगळ्या उंचीचं चाक लावून फोर बाय फोर टाकला तर गिअरची यंत्रणा कुरकुरते, मोडूही शकते. साम्रदला अंधार पडल्यावर तुमची वीस इंची साइज शोधत कुठे फिरणार? म्हणून बजेट पाच चाकांचं करा. पाचाचं जमत नसेल तर एक इंच कमी करा.

जाता जाता एकच. चाकं कितीही दणकट असोत, भातखाचरात आणि अभयारण्यात गाडी घालू नका. तिथे कोणाचं तरी वर्षभराचं पोट असतं, कोणाचं तरी घर असतं. बाकी रस्ता तुमचाच आहे. थोडा काळा, थोडा खडकाळ आणि सोळा इंचांना पुरून उरणारा!