नववीच्या पोरांना युद्ध झेपत नाही म्हणे!

आपल्या तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहासाच्या सरांनी नववीला दोन तास 'युद्धात सापडलेली मुलं' हा विषय घ्यायचं ठरवलं. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, सरांना आणखी ताप नको. नकाशा, थोडी माहिती, मग मुलांशी गप्पा, एवढंच होतं. पण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गदारोळ झाला. मुलं लहान आहेत, शाळेत राजकारण कशाला, आणि हे काय परीक्षेला येणाराय का? मुख्याध्यापकांनी तास रद्द केले. विषय संपला.

माझ्यासाठी संपला नाही, म्हणून लिहितोय.

लहान आहेत म्हणता? मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा याच पोरांच्या मोबाईलवर व्हिडिओ गेममधले तुकडे खरी लढाई म्हणून फिरत होते. पोरं ते बघून टाळ्या पिटत होती, आणि त्यातले निम्मे व्हिडिओ घरातल्या मोठ्यांनीच फॉरवर्ड केलेले. त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी शाळकरी मुलं मेली. त्यावर किती घरांत जेवताना शब्द निघाला? पंधरा ऑगस्टला पहिलीतल्या पोराच्या हातात प्लास्टिकची बंदूक देऊन आपण स्टेजवर उभं करतो, फोटो स्टेटसला टाकतो. तेव्हा वय आडवं येत नाही.

आणि हा विषय लांबचा आहे असं कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. लग्नाचा बस्ता बांधायला आपण गांधीनगरला जातो ना? तिथे, वळिवड्याच्या माळावर, १९४३ ते १९४८ या काळात जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंडमधून त्यांना घरातून उचलून मालगाड्यांत भरलं आणि सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. उपासमार, टायफस. जी जगली ती इराणमार्गे बाहेर पडली आणि त्यातली काही आपल्या दारात आली. त्याआधी १९४२ मध्येच नवानगरच्या जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उभारली होती. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. काहींच्या कबरी आजही कोल्हापुरात आहेत. महावीर उद्यानात स्मारक आहे, तिकडे वॉर्सात 'कोल्हापूर' नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे फूल वाहून आले. आपल्या नववीतल्या किती पोरांना हे ठाऊक आहे? किती शिक्षकांना?

पोलिश लोक गेले आणि त्याच छावणीत फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी आले. त्यांच्यातही लेकरं होतीच. आज ज्या दुकानात तुम्ही साड्या बघता, त्या दुकानदाराच्या आजोबांचं बालपण कदाचित त्या बराकींत गेलंय. विचारा कधी. गिऱ्हाईक नसेल तेव्हा सांगतील.

आता 'परीक्षेला येणार का' याबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या धड्यात आपण पोरांकडून अंगांची नावं घोकून घेतो. त्याच संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ ला बालहक्क करार केला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. त्याचं ३८ वं कलम सांगतं, पंधरा वर्षांखालच्या मुलाला लढाईत उतरवायचं नाही. २००० मध्ये वेगळा करार करून प्रत्यक्ष लढाईसाठी ती रेषा अठरावर नेली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१२ मध्ये पहिला निकाल दिला तो याच गुन्ह्यासाठी. काँगोच्या थॉमस लुबांगाला पंधरा वर्षांखालची मुलं टोळीत भरती करून लढवल्याबद्दल १४ वर्षांची शिक्षा झाली. नववीचं पोरगं किती वर्षांचं असतं? चौदा-पंधरा. म्हणजे हा कायदा त्याच बाकावर बसलेल्या पोराच्या वयाबद्दल बोलतोय, आणि त्याच पोराला तो सांगायचा नाही म्हणे.

२०२४ या एका वर्षात संयुक्त राष्ट्रांनी मुलांवरचे ४१,३७० गंभीर अत्याचार पडताळून नोंदवले. मारणं, जखमी करणं, पळवणं, भरती, लैंगिक अत्याचार, शाळा-दवाखान्यांवर हल्ले, मदत अडवणं. ही फक्त पडताळणी झालेली प्रकरणं.

राजकारणाचं म्हणाल तर ते सरांच्या तासात नव्हतं, तुमच्या ग्रुपवर होतं. एकाला गाझातली मुलं दिसतात, पूंछची नाही. दुसऱ्याला पूंछची दिसतात, गाझाचं नाव काढलं की अंगावर येतो. युक्रेनमधून रशियात नेलेली मुलं तर दोघांच्याही खिजगणतीत नाहीत. बस्तरमध्ये माओवाद्यांनी शाळा उडवल्या, पोरं दलममध्ये ओढली. आणि शाळांच्या इमारतींत सुरक्षा दलांचे तळही होते, ते हलवायला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. दोन्ही गोष्टी एका तासात सांगणारा शिक्षक हवा. दोन्हीकडून शिव्या खाईल, पण शिकवेल नीट.

मुलं घाबरतील ही काळजी मात्र खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. रक्तामांसाचे फोटो वर्गात नकोतच. सरांच्या टाचणात एकही तसला फोटो नव्हता, मी पाहिलंय. पहिला तास वळिवडे, दुसरा तास ते ३८ वं कलम, आणि शेवटी मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारून यायचं: लहानपणी कशाच्या भीतीने घर सोडावं लागलं होतं का? बस.

टाचण चार पानांचं आहे, सरांच्या परवानगीने त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. २० नोव्हेंबरच्या आत कुठल्या शाळेला हे तास घ्यायचे असतील तर इनबॉक्समध्ये सांगा, आणून देतो. मुख्याध्यापकांनी स्वतः मागितलं तर चहा माझ्याकडून.