माल चोख, कागद अपुरा

समजा, सांगलीच्या एका पेढीने दुबईच्या व्यापाऱ्यास हळद विकली. माल चोख, वजन पूर्ण, जहाजही वेळेवर सुटले. तरीही पैसे अडले. पतपत्रात, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, मालाच्या उत्पत्तीचे प्रमाणपत्र वाणिज्य मंडळाचे असावे अशी अट होती आणि पेढीने ते स्वतःच्या सहीने दिले होते. हळद भारतातलीच आहे, याविषयी कोणासही शंका नव्हती. परंतु बँक हळद पाहत नाही. ती कागद पाहते.

हा बँकेचा आडमुठेपणा नव्हे. पतपत्रांचे व्यवहार ज्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने चालतात, ती यूसीपी ६०० ही १ जुलै २००७ पासून लागू आहे. बँकांचा संबंध कागदपत्रांशी असतो, मालाशी नव्हे, हे तिच्या पाचव्या कलमातच सांगितले आहे.

उत्पत्तीच्या प्रमाणपत्राचे नियम मात्र वाटतात तितके जाचक नाहीत. ते कोणी द्यावे हे पतपत्रात लिहिलेच नसेल, तर विक्रेत्याने स्वतः सही करून दिलेलेही चालते. विक्रेत्याचे मागितले असता त्याचे नाव दर्शविणारे वाणिज्य मंडळाचे प्रमाणपत्र चालते. याच्या उलट मात्र चालत नाही. मालाचे वर्णन बीजकाशी शब्दशः जुळलेच पाहिजे असे नाही. ते विसंगत नसावे, एवढेच. बिल ऑफ लेडिंग बँकेच्या ऑर्डरवर मागितले असेल, तर प्रमाणपत्रात माल घेणारा म्हणून पतपत्रात नाव असलेल्या कोणाचेही नाव चालते; विक्रेत्याचे मात्र चालत नाही.

आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्यातील करार १ मे २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकास आयातशुल्कात सवलत हवी असेल, तर त्या कराराच्या विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. पतपत्रात तोच नमुना मागितला असता साधे प्रमाणपत्र देणे व्यर्थ होय.

चूक ध्यानी आली आणि मुदत शिल्लक असली, तर योग्य प्रमाणपत्र पुन्हा सादर करता येते. मुदत टळली की सारे ग्राहकाच्या मर्जीवर येते. अशा वेळी बाजारभाव उतरलेला असला, तर तो सूट मागतो. माल परक्या बंदरात पडून असतो आणि भाडे चढत राहते. बँकेच्या हमीसाठी घेतलेले पतपत्र मग केवळ विनवणीचा कागद ठरते.

म्हणून पतपत्र हाती येईल त्याच दिवशी पेढीत बसून चार गोष्टी वाचाव्यात : प्रमाणपत्र कोणी द्यायचे, कोणत्या नमुन्यात, कोणाच्या नावे आणि किती दिवसांत. एखादी अट पाळता येण्याजोगी नसेल, तर माल जहाजावर चढण्यापूर्वीच ती बदलून घ्यावी. पुष्कळ घरांत हे काम संपूर्णपणे दलालावर सोपविलेले असते. दलाल कागद तयार करील. तोटा मात्र पेढीलाच सोसावा लागतो.