कोलंबीच्या तेलातली सुरमई

'सर्वसमावेशक' हा शब्द मराठीत सध्या दोन ठिकाणी फार ऐकू येतो : साहित्यविषयक परिसंवादांत आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टांच्या जाहिरातींत. दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे, असे माझे मत होत चालले आहे. यजमानाने आधीच ठरवलेल्या यादीत जे बसते ते सर्व, एवढाच तो अर्थ. यादीबाहेरचा पाहुणा आला की यादी तशीच राहते आणि पाहुणा हटवादी ठरतो.

निमित्त साधे आहे. माझ्या परिचयातले एक बेने इस्रायली जोडपे अलिबागजवळच्या एका रिसॉर्टवर दोन रात्री राहून आले. दोघेही निवृत्त, दोघेही कोशेर पाळणारे. शनिवार घरचा, म्हणून सोमवार ते बुधवार गेले. राहणे, चहा-नाश्ता, दोन्ही वेळची जेवणे, सगळे भाड्यात समाविष्ट होते. पहिल्याच रात्री 'कोकणी सागरी थाळी' समोर आली : कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, माकूळ. पर आणि खवले नसलेला जलचर खायचा नाही हा ह्या घरांतला नियम, म्हणजे थाळीतले एकूण एक बाद. सुरमई होती, पण ती कोलंबीच्याच तेलात तळलेली. दुसऱ्या रात्री निखाऱ्यावरचे चिकन, दह्यात मुरवलेले. एक तर ते शास्त्राप्रमाणे कापलेले नव्हते, शिवाय मांसाला दूध-दही चालत नाही. व्यवस्थापक सौजन्यशील होता. "काका, आपल्याकडे जैन काउंटर आहे ना," असे म्हणून तो त्यांना तिकडे घेऊन गेला. तेथे कांदा नव्हता. ह्यांना कांदा हवा होता. शेवटी दोन दिवस फळे, वरणभात आणि घरून नेलेली उकडलेली अंडी ह्यांवर निभावले. पैसे अर्थातच पूर्ण थाळीचे घेतले गेले.

ही हकिगत पार्ल्यातल्या आमच्या एका वाचनमंडळात निघाली, तेव्हा साहित्याचे अध्यापन करून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "एवढे सोवळे सांभाळायचे तर फिरायला जावेच कशाला?" मंडळी हसली. ह्या लेखाचा रोख त्या हसण्यावर आहे.

ते हसणे पुरोगामी होते, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. आपल्याकडे अन्नाचा नियम म्हणजे बहुतेक वेळा जातीचा नियम. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाची पंगत कुठे, ह्या प्रश्नांनी माणसे शतकानुशतके बाहेर ठेवली गेली. पार्ल्यात आजही मांसाहारी भाडेकरू नको म्हणणाऱ्या इमारती आहेत आणि ते म्हणताना कोणाला लाज वाटत नाही. तेव्हा ताटातल्या निषेधाचा संशय येणे रास्तच. पण संशय घेतल्यावर तपासायचे असते ते हे, की नियम कोणाच्या ताटावर लादला जातो आहे. इमारतीतला नियम शेजाऱ्याचे ताट तपासतो. ह्या जोडप्याने शेजारच्या टेबलावरच्या कुर्ल्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. वेगळी कढई मिळेल का, एवढेच विचारले. ह्या दोन गोष्टींना एकाच 'सोवळे' शब्दात कोंबणारी टीका आळशी आहे. आणि गंमत म्हणजे हीच मंडळी जैन पावभाजीला हसत नाहीत. स्टेशनबाहेरच्या गाडीवरही ती मिळते, कारण तिला गिऱ्हाईक आहे. म्हणजे आक्षेप नियमाला नसून संख्येला आहे. भारतातले सगळे ज्यू मिळून २०११च्या जनगणनेत पाच हजारांच्या आत होते. एवढ्यांसाठी काउंटर कोण लावणार?

बेने इस्रायलींचा इतिहास निष्कलंक आहे असे मला सुचवायचे नाही. 'गोरे' आणि 'काळे' इस्रायली हा भेद त्यांच्यात होता, आणि गोऱ्यांच्या भांड्यांना काळ्यांचा हात चालत नसे. हे त्यांनी आपल्याकडूनच घेतले असणार. तेच लोक गावात 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात, म्हणजे घाणा शनिवारी बंद ठेवतात एवढ्यावरून उतरंडीतली एक वेगळी पायरी त्यांना मिळाली होती. आज तोच शनिवार ह्याच किनाऱ्यावर चढ्या दराने विकला जातो. असो.

खरा मुद्दा पुढेच आहे, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकावा असा आहे. परंपरा सांगते की ह्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ बुडाले. हिब्रू विसरली गेली, सण अर्धेमुर्धे उरले. नंतर दाविद राहाबी नावाचा एक ज्यू आला (केव्हा, ह्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही), त्याने घरच्या बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली, आणि त्यांनी बिनखवल्याची बाजूला काढली तेव्हा त्याला ओळख पटली. कथा म्हणूनच घ्या. पण कथा काय म्हणते? पोथी हरवली तेव्हा संहिता स्वयंपाकघरात टिकली, आणि ती बायकांच्या हातांत टिकली. मौखिक परंपरेवर प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यापीठांत मासळी निवडणे हे पाठांतराइतकेच अस्सल जतन आहे, हे कोणाच्या ध्यानात का येऊ नये?

आणि हे स्वयंपाकघर परके नाही. मांसाला दूध चालत नाही ही अडचण कोकणाने सोडवली : मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध. नववर्षाचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातला. एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणारा मलिदा म्हणजे पोहे, गूळ किंवा साखर, खोबरे आणि फळे. द्राक्षरसाऐवजी काळ्या मनुकांचे सरबत. ह्यातला एक तरी पदार्थ रिसॉर्टच्या 'अस्सल कोकणी' फलकावर कोणी पाहिला आहे? किहीम, नवगाव, चौल, दिवे आगर ही नावे जाहिरातींत झळकतात. किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, दिवेकर ही आडनावे जिथून निघाली ती ही गावे आहेत, हे जाहिरात लिहिणाऱ्याच्या गावीही नसते. त्या जोडप्याच्या बाबतीत म्हणूनच एक विचित्र गोष्ट घडली. ते आपल्या पणजोबांच्या किनाऱ्यावर गेले आणि तेथे त्यांना परदेशी पाहुण्यांसारखे समजावून सांगावे लागले.

जाहिरात लिहिणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. आपण काय केले? १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८०च्या सुमारास बेने इस्रायलींनी कीर्तनाचा साचा घेऊन बायबलमधील चरित्रांवर मराठी आख्याने रचली आणि गायली. मराठी मुद्रणाच्या आणि आख्यानकवितेच्या इतिहासात ह्यांना जागा नको? एम. ए.च्या वर्गात मी ही नावे घेतली तेव्हा मुले प्रथमच ऐकत होती. ह्या किनाऱ्यावरच्या ज्यू स्वयंपाकघराची आज सर्वांत परिचित असलेली कादंबरी, एस्थर डेव्हिड ह्यांची 'द बुक ऑफ रेचल', इंग्रजीत आहे; अहमदाबादच्या लेखिकेने लिहिलेली; २०१० साली तिला इंग्रजीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातली म्हातारी गावातले सिनेगॉग विकू पाहणाऱ्यांशी झुंजते, आणि पाककृतींमधून आपली गोष्ट सांगते. मराठी बोलणारी म्हातारी, इंग्रजीत.

"ते तर इस्रायलला निघून गेले," हे ह्यावरचे नेहमीचे उत्तर. बहुतेक गेले, खरे. आणि तेथे साठीच्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली, विवाहांना आडकाठी केली; १९६४ साली सरकारला ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर करावे लागले. तेथे पुरेसे ज्यू नाहीत, येथे पुरेसे कोकणी नाहीत. महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली.

रिसॉर्टने रब्बी नेमावा, दोन भांडीघरे बांधावीत, असे कोणीच म्हणत नाही. त्या जोडप्याने मागितले ते असे होते : एक न वापरलेली कढई, तिच्यात नवे तेल, आणि खवले काढण्यापूर्वी एकदा दाखवलेली सुरमई. व्यवस्थापकाने आचाऱ्याला विचारले. आचारी रेवदंड्याचा होता. तो म्हणाला, आमच्या आळीत ह्यांचीच मशीद आहे, ह्यांचे मला माहीत आहे, मी करून देतो. व्यवस्थापकाने परवानगी दिली नाही. पॅकेजमध्ये बसत नव्हते.