मुलांना रांगेत उभं करून आभार शिकवू नका

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. सोसेल त्यांनी वाचावं.

पुरानंतर शाळा उघडल्या की आमच्या सांगलीत एक कार्यक्रम हमखास होतो, वह्यावाटपाचा. टेबलावर वह्यांचे गठ्ठे, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर देणाऱ्यांचे हसरे चेहरे. मुलांना ओळीनं बोलवायचं, वही हातात द्यायची, पण सोडायची नाही... फोटो निघेपर्यंत! मग एखाद्या चुणचुणीत मुलीकडून पाठ करून घेतलेलं आभाराचं भाषण. २०१९ नंतर हे पाहिलं, २०२१ नंतरही पाहिलं. घरात गुडघाभर चिखल, आईचं शिलाई मशीन गेलेलं, आणि पोर म्हणतेय, "आम्ही आपले सदैव ऋणी राहू." दोनशे पानी वहीसाठी दहा वर्षांच्या लेकराला सदैव ऋणी करून ठेवणारे आपण कोण हो?

गैरसमज नको. मदतीला मी नावं ठेवत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सुमारे ५७.५ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे अंदाज करा. त्या दिवसांत जत-आटपाडीकडून भाकऱ्यांची गाठोडी आली. ज्या तालुक्यांत स्वतःच्या पिण्याच्या पाण्यासाठी टँकर चालू होते, तिथल्या बायकांनी पुरात बुडालेल्यांसाठी भाकऱ्या थापल्या! त्यांवर कुणाचं नाव नव्हतं. (मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या फोटोंची स्टिकरं लावल्याचा गाजावाजा त्याच पुरात झाला होता, आठवत असेलच.) त्या भाकरीबद्दल मुलांना कुणी भाषण पाठ करायला लावलं नाही. तरी ती आजही तिची चव सांगतात.

व्याकरणाच्या तासाला मी 'कृतज्ञ' शब्दाची फोड करून घेत असे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणतो तो कृतज्ञ. यात हात जोडणं कुठेच नाही, जाणणं आहे. आणि एकदा जाणायचंच ठरलं तर अर्धंच का? भाकरी कुणी पाठवली हे मुलांना कळावं, तसा आपल्या गल्लीमागचा ओढा कुणी भराव टाकून बुजवला हेही कळावं. पहिला भाग आपण ढोल वाजवून शिकवतो. दुसऱ्या भागाला घसा बसतो. ज्यानं ओढा बुजवला तोच कधीकधी वह्या वाटायला आलेला असतो, म्हणून तर नाही ना?

पूर आला की आमच्याकडे सर्वांची बोटं आधी अलमट्टीकडे जातात. २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारनं वडनेरे समिती नेमली. तिनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात अतिवृष्टीबरोबर नदीच्या वाटेतल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं. अलमट्टीच्या उंचीचा वाद आहेच, तो त्या-त्या ठिकाणी लढावा. पण आपल्या अंगणातल्या भरावाचं काय?

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी आणि लाल. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. दोन्हींच्या मधे बांधायचं तर नियमांच्या बंधनात. एवढी साधी गोष्ट! चौथीच्या मुलालाही कळेल. पण आपली शाळा कुठल्या रेषेत बसते, हे विचारल्यावर मुलं सोडाच, किती मुख्याध्यापकांना सांगता येईल? २०२० पासून नववीला 'जलसुरक्षा' हा विषय आहे, पुस्तक आहे, गुण आहेत. नदी मात्र शाळेपासून दहा मिनिटांवर असून सहलीला कोकणात जायचं!

पर्यावरणाचं प्रेम म्हणून आपण काय देतो? 'झाडे लावा' चं चित्र, निबंधस्पर्धा आणि पाच जूनला एक रोप. पुष्कळदा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात! २०१९ च्या त्याच पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प जोरात होता. झाडं लावूच नका असं कोण म्हणेल? पण रोप हातात दिलं की मूल प्रश्न विचारत नाही, ही मोठ्यांची सोय आहे. वहीचंही तेच.

आपले जुने लोक काही पर्यावरणतज्ज्ञ नव्हते. नृसिंहवाडीला पुराचं पाणी गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. लोक त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करतात. पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती वर हलवायची. नदीला येऊ द्यायचं! देवसुद्धा तिच्या वाटेतून बाजूला होतो, आणि आपल्याला तिथेच पार्किंगसह फ्लॅट हवा.

ऋण सांगायचंच तर या नदीचं सांगा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेनं व्याकूळ झालं, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी गेलं. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर. तीच कृष्णा तीन वर्षांनी आमच्या माडीपर्यंत आली. एकच नदी दोन्ही कसं करते, या एका प्रश्नावर मुलांचं वर्ष सहज जाईल.

"सर, लहान मुलांच्या डोक्यात राजकारण कशाला घालता?" असं एका पालकांनी मला ऐकवलं. वहीवर चेहरा छापतात ते राजकारण नाही आणि पुलावरचे फुटांचे आकडे वाचायला शिकवलं की ते राजकारण! असो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या पाच-सहा पोरांनी घरोघर विचारून भिंतींवर २०१९ च्या पाण्याची खूण करायला घेतली. टेप, ओळंबा आणि लाल रंगाचा डबा, एवढंच सामान. चौदा घरं झाली. पंधराव्या घराच्या मालकांनी खूण तिथल्या तिथे पुसायला लावली. खालचा मजला भाड्यानं द्यायचा होता म्हणे.