पाय उचलू नका

‘मुरलेल्या ड्रायव्हरला एबीएस कशाला हवे? ओल्या रस्त्यावर ब्रेक मारत-सोडत गाडी सांभाळता येते की!’ असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. जुन्या गाड्यांपुरता हा सल्ला रास्त होता. एबीएसच्या गाडीत तो घातक आहे.

चाक फिरत असते तोवरच टायर गाडीला वळवू शकतो. चाक जाम झाले की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी घसरत सरळच जाते. एबीएस म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा. तिच्यात चाकाजवळचा सेन्सर चाकाच्या फिरण्याचा वेग सतत मोजतो. हा वेग एकदम कोसळू लागला की ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी होतो, चाक सावरताच पुन्हा वाढतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालते. घाटात समोरून ट्रक आल्यामुळे गाडी कडेला घेतली, डावी चाके चिखलात आणि उजवी डांबरावर आहेत, अशा वेळी दोन्हीकडे वेगवेगळा दाब हवा. पायाखाली पेडल मात्र एकच असते. कितीही कसलेला पाय हे काम करू शकत नाही.

एबीएस हे काम करत असताना पेडल थरथरते, खडखडते. नेमके तेव्हाच घाबरून अनेक जण पाय उचलतात आणि सगळ्यात गरजेच्या क्षणी ब्रेक सुटतो.

एबीएसचे भक्तही चुकतात. त्यांच्या मते गाडी हमखास लवकर थांबते. ओल्या डांबरावर बहुधा ते खरे ठरते. पण सुट्या खडीवर जाम झालेले चाक पुढे खडीचा ढीग रचते आणि कधीकधी तशी गाडीच लवकर थांबते. १९८०च्या दशकात म्युनिकमधल्या टॅक्सींच्या अभ्यासात एबीएस असलेल्या टॅक्सींचे अपघात घटलेले आढळले नाहीत. त्यांचे चालक जास्त बेदरकार झाले होते. दोष यंत्राचा नव्हता. यंत्राने दिलेली सवलत वेगात उधळली गेली.

ट्रॅक्शन कंट्रोल एबीएसचेच सेन्सर वापरते, फक्त गाडी वेग घेताना. गरगरणाऱ्या चाकाला ते ब्रेक लावते, इंजिनची ताकद कमी करते. रुतलेली गाडी काढताना मात्र ते थोडा वेळ बंद करावे लागू शकते. रस्त्यावर नसलेली पकड तेही निर्माण करू शकत नाही.

भारतात एप्रिल २०१९पासून नव्या कारना एबीएस सक्तीचे आहे. मग ते वापरायला शिकवणेही सक्तीचे का नसावे? ड्रायव्हिंग स्कूलने प्रत्येक शिकाऊ चालकाला मोकळ्या, ओल्या मैदानावर न्यावे, पूर्ण जोराने ब्रेक दाबायला लावावा आणि पेडल थरथरत असताना गाडी वळवून घ्यायला सांगावे.