विश्लेषण : दोन साखरा, एक जीवाणू आणि बारावीला कधीच न विचारलेला प्रश्न

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने ‘लॅक ऑपेरॉन’ची आकृती एकदा तरी काढली असेल. एका रेषेवर चौकोन, त्यांत आय, पी, ओ, झेड, वाय, ए ही अक्षरे आणि ‘ओ’वर बसलेला रिप्रेसर. नावे बरोबर लिहिली की पूर्ण गुण. मीही ते मिळवले, इंजिनीअरिंगला गेलो आणि आकृती विसरलो. माझ्या मते यात विद्यार्थ्यांचा दोष कमी आहे. उत्तर पाठ करून घ्यायचे आणि प्रश्न सांगायचाच नाही, या पद्धतीचा जास्त आहे.

मूळ प्रश्न काय होता?

जर्मनांच्या ताब्यातले पॅरिस. झाक मोनो हा तरुण संशोधक जीवाणूंना एकाच वेळी दोन साखरा देऊन त्यांची वाढ मोजत होता. काही जोड्यांमध्ये आलेख विचित्र येई. वाढ वर चढे, मग काही काळ सपाट होई आणि पुन्हा चढे. डिसेंबर १९४० मध्ये त्याने हा आलेख पाश्चर संस्थेतल्या आंद्रे ल्वॉफ यांना दाखवला. हा ‘एन्झाइम अनुकूलना’चा प्रकार असू शकेल, असे ते म्हणाले. मोनोने हा शब्दही ऐकलेला नव्हता. पुढे नोबेल व्याख्यानात त्याने हे स्वतःच सांगितले.

जीवाणू मध्येच थांबतो कशासाठी?

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय घ्या. ग्लुकोज त्याला थेट वापरता येते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरायची तर आधी तोडावी लागते. त्यासाठी बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे एन्झाइम हवे आणि ते बनवायला ऊर्जा व कच्चा माल लागतो. ग्लुकोज समोर असताना हा खर्च कोण करेल?

म्हणून दोन अटी. लॅक्टोज नसेल तेव्हा रिप्रेसर डीएनएवर बसून जनुकांची वाट अडवतो. लॅक्टोज आले की त्यापासून थोडे अ‍ॅलोलॅक्टोज बनते, ते रिप्रेसरला चिकटते आणि त्याची पकड सुटते. पण जनुके जोमाने चालायला ग्लुकोजही संपलेले लागते. आमच्या भाषेत हे सरळ ‘अँड गेट’ आहे. शिवाय ग्लुकोज असताना लॅक्टोजला पेशीत येण्याचे दारच बंद ठेवले जाते. पुस्तके ग्लुकोजच्या परिणामाचे श्रेय ‘सायक्लिक एएमपी’ या रेणूला देतात, पण ‘आधी ग्लुकोज, मग लॅक्टोज’ या क्रमामागे बंद दाराचा वाटा मोठा असल्याचे जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले.

आता खरी गंमत. स्विच उघडायला अ‍ॅलोलॅक्टोज हवे. ते बनवते कोण? तेच बीटा-गॅलॅक्टोसायडेज. लॅक्टोजला आत आणणारे प्रथिन कोणाच्या ताब्यात? त्याच स्विचच्या. म्हणजे किल्ली कुलूपबंद खोलीतच! स्विच पूर्ण बंद झाला असता, तर समोर लॅक्टोज असूनही जीवाणू उपाशी राहिला असता.

तसे होत नाही, कारण हा स्विच गळका आहे. रिप्रेसर अधूनमधून सुटतो आणि बंद अवस्थेतही दोन्ही प्रथिनांचे मोजके रेणू बनत राहतात. तेवढ्यावर पहिले लॅक्टोज आत येते आणि चक्र सुरू होते. एन्झाइमचे प्रमाण मग सुमारे हजारपट होते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये गळतीच्या नावाने आम्ही बोटे मोडतो, मोबाइलची बॅटरी त्यातही जाते. इथे गळतीवर पेशीचे जेवण अवलंबून आहे. पाठ केलेल्या आकृतीत ती दिसत नाही. ‘स्विच पहिल्यांदा उघडतो कसा?’ हा प्रश्न मला ना वर्गात विचारला गेला, ना क्लासमध्ये.

याचा आपल्याशी संबंध काय?

‘असल्या संशोधनाचा उपयोग काय?’ असे हल्ली कुठल्याही प्रकल्पाला पहिल्या दिवशीच विचारतात. मोनोला १९४० मध्ये याचे उत्तर देता आले नसते. १९६१ मध्ये त्याने फ्रान्स्वा जेकबसोबत ऑपेरॉनची कल्पना मांडली आणि १९६५ मध्ये दोघांना ल्वॉफसह नोबेल मिळाले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्या ई. कोलायमध्ये पहिल्यांदा बनवल्या गेल्या, त्या याच लॅक जनुकांना जोडून. तोवर मधुमेहींना डुकराच्या आणि गायीगुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर भागवावे लागे. जीवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मंजुरी मिळाली. मोनो १९७६ मध्येच गेला होता.

आकृती काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. तिच्या आधीच्या पानावर मोनोचा तो आलेख छापावा. त्याला ना प्रयोगशाळा लागते, ना वेगळा निधी. आणि खाली दोन गुणांचा एकच प्रश्न : मधल्या सपाट भागात जीवाणू काय करत असतील?