घामाचा जमाखर्च

दिग्रसच्या माणसाला पैसे देऊन घाम गाळायला सांगणं म्हणजे कोकणातल्या माणसाला पावसाचं तिकीट विकण्यासारखं आहे. हे वाक्य मी पुतण्याला फोनवर ऐकवलं, पण तो हसला नाही. पुण्याला राहतो. दिवसभर कंपनी त्याला वीस-बावीस अंशांवर थंड करून ठेवते आणि संध्याकाळी तो स्वखर्चाने चाळीस अंशांवर गरम होतो. या दुसऱ्या प्रकाराला 'हॉट योगा' म्हणतात.

"काका, एका तासात दीड किलो उतरतं!" तो म्हणाला.

वजन हा आमच्या घरातला हळवा विषय आहे. माझं शहात्तर, सौभाग्यवतीचं विचारायचं नसतं. शिवाय तिला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि "वजन कमी करा" हे डॉक्टरांचं पालुपद आहे. तेव्हा तिने फोन माझ्या हातातून घेतला. पुतण्याने सांगितलं ते असं : खोली बंद हवी, तापमान चाळीसच्या पुढे हवं, हवेत दमटपणा हवा. घामावाटे चरबी जाते, शरीरातलं विष जातं, अंग लोण्यासारखं मऊ होतं आणि मुख्य म्हणजे ही आपली प्राचीन विद्या आहे.

मे महिना होता. आमच्या गच्चीवर टिनाची खोली आहे. बाहेर त्रेचाळीस अंश असले की आत किती असतात हे तिथे ठेवलेल्या मेणबत्त्यांनाच ठाऊक. त्या एप्रिलातच आडव्या होतात. पुण्यात ज्याचे हजारो रुपये मोजावे लागतात ते आमच्या डोक्यावर फुकट होतं!

दुसऱ्या दिवशी बँकेत मी हे उत्साहाने सांगितलं. आमचा शिपाई शेतकरी माणूस. तो म्हणाला, "काय बाप्पा साहेब, पैसे देऊन घाम गाळाचा? मंग आमच्या वावरात धसकटं येचाले या ना. मीच पैसे देतो तुमाले." सगळी बँक हसली. मीही हसलो. ते हसणं तिथेच सोडायला नको होतं.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं वर गेलो. दमटपणासाठी पाण्याच्या दोन बादल्या आणि दोरीवर ओले टॉवेल. मी बी.कॉम. असल्याने हिशेब माझ्याकडे. आधी वजन, नंतर वजन. अर्ध्या तासात तिचं सातशे ग्रॅम उतरलं! मी वहीत नोंद केली, खाली रेघ मारली. रात्री पन्हं, ताक आणि माठातलं पाणी झालं आणि सकाळी वजन पुन्हा जागच्या जागी. बावीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं की ही रक्कम खर्ची पडलेलीच नव्हती. ती नुसती उचंत खात्यात गेली होती आणि सकाळी उलट नोंद होऊन परत आली.

चौथ्या दिवशी ती वृक्षासनात उभी होती. मी खाली बसून घड्याळ बघत होतो. "अहो, डोळ्यांपुढे अंधार येतोय," ती म्हणाली. आणि मी (हे लिहिताना आजही लाज वाटते) म्हणालो, "विष निघतंय. अजून दोन मिनिटं."

दोन मिनिटं झाली नाहीत. ती टॉवेलच्या दोरीसकट खाली आली.

तिला खाली कसं आणलं, रिक्षा कुणी आणली, मला नीट आठवत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बीपीची गोळी कोणती?" मी पाकीट दाखवलं. "ही लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी गोळी आहे. म्हणजे पाणी इकडून मी काढतोय आणि तिकडून तुम्ही!" दोन बाटल्या सलाईन गेलं. रात्री ते म्हणाले, "बडबडायला लागल्या असत्या, शुद्ध गेली असती, तर यवतमाळला न्यावं लागलं असतं. उष्माघातात आम्हांला फार वेळ मिळत नाही."

त्या रात्री खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी ठरवलं की या प्रकाराचा हिशेब पुरा तपासायचा. तो पुढे मांडतो आहे. पुतण्याने हा भाग मोठ्याने वाचावा.

घाम म्हणजे चरबी नव्हे. घाम म्हणजे पाणी, थोडं मीठ आणि बाकी किरकोळ. तो येतो ते कूलरचं काम करायला. एक लिटर घाम अंगावर वाळला की सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, पण वाळला तर! निथळून फरशीवर पडलेला घाम फुकट जातो. विदर्भातल्या पोरालाही हे कळतं. मे महिन्यात कूलर स्वर्ग दाखवतो आणि जुलैत तोच कूलर खोलीचं तळघर करतो, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. आणि आम्ही बादल्या ठेवून, ओले टॉवेल टांगून शरीराचा कूलर मुद्दाम बंद पाडत होतो.

चरबीचं म्हणाल, तर अमेरिकेत कोलोरॅडो राज्य विद्यापीठात चक्क मोजणी झाली. नव्वद मिनिटांच्या वर्गात पुरुषांच्या सरासरी ४६० आणि स्त्रियांच्या ३३० कॅलरी खर्च झाल्या, म्हणजे झपझप चालण्याइतक्याच. एक किलो चरबीला लागतात सुमारे ७,७०० कॅलरी. सगळा खर्च चरबीतूनच झाला असं उदारपणे धरलं, तरी पुरुषाचे साठ ग्रॅम जातात आणि बाईचे त्रेचाळीस. तोळ्यात सांगायचं तर पाच तोळे आणि पावणेचार तोळे. चरबीही सोन्याच्याच मापाने जाते आणि बाईला इथेही कमीच!

विषाचं काम मूत्रपिंडं आणि यकृत यांच्याकडे आहे. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, तेही रविवारची सुट्टी न घेता. घामाकडे त्या खात्याचा चार्ज कधीच नव्हता. अंग मऊ होतं हे मात्र खरं. ऊन लागलं की मेणबत्तीही मऊ होते. पण त्या मऊपणात दुखण्याची सूचना उशिरा मिळते आणि सांधा ताणायचा त्यापेक्षा जास्त ताणला जातो.

आता प्राचीन विद्या. मला सर्वांत जास्त राग या थापेचा आहे. छब्बीस आसनं, दोन श्वसनाचे प्रकार, १०५ फॅरनहाइट, नव्वद मिनिटं हा साचा कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या बिक्रम चौधरींनी १९७०च्या दशकात तिथे लोकप्रिय केला. या क्रमावर त्यांनी मालकी हक्कही सांगितला होता. २०१५ साली अमेरिकेच्या अपील कोर्टाने तो अमान्य केला. प्राचीन विद्येवर कॉपीराइट कसा लागतो, हे त्या कोर्टाबाहेर कुणी विचारलं की नाही कोण जाणे.

आपली जुनी पोथी काय सांगते? घेरंडसंहिता स्पष्ट म्हणते की योगाला सुरुवात वसंतात किंवा शरदात करावी. ग्रीष्मात, पावसाळ्यात, कडक थंडीत केली तर तोच योग रोग देतो. हठयोगप्रदीपिका नव्या साधकाला अग्नीजवळ बसू नकोस म्हणते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसनं प्रयोगशाळेत तपासली. तिथे शेगडी पेटवल्याचं माझ्या वाचनात नाही. पुण्याला अय्यंगारांनी दोर दिले, पट्टे दिले, विटा आणि खुर्च्या दिल्या. हीटर तेवढा दिला नाही. आणि आमच्या नागपुरात जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळ उभारून लोकांना आसनं फुकट शिकवली. उष्णताच गुणकारी असती तर नागपूर सोडून हा शोध लागायला कॅलिफोर्निया कशाला लागलं असतं?

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर ऑडिटर शेरा मारेल. २०२३ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी नैराश्याच्या रोग्यांना असे गरम वर्ग दिले आणि बऱ्याच जणांना बरं वाटलं. वाटू दे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं. टिनाच्या खोलीत, वही घेऊन बसलेल्या नवऱ्याच्या देखरेखीखाली नव्हतं. आणि २०१८ साली टेक्सासमध्ये तीच आसनं तेवीस अंशांच्या खोलीत करून घेतली, तेव्हा रक्तवाहिन्यांना फायदा झालाच. म्हणजे गुण आसनांचा आणि बिल उष्णतेचं.

माझं भांडण योगाशी नाही. भांडण आहे ते "डोळ्यांपुढे अंधार आला म्हणजे विष निघतंय" असं बिनदिक्कत सांगणाऱ्या शहाण्यांशी. त्यांतला एक मी होतो, म्हणून जरा अधिकाराने बोलतोय. शिपायाची बायको मे महिन्यात सकाळी सहाला वावरात जाते आणि अकराला परत येते. तिने कोणतीही संहिता वाचलेली नाही. उन्हाला साधना म्हणायची चैन तिला परवडत नाही.

वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही. सातशे ग्रॅम, खाली रेघ. मधूनमधून बघतो.

सौभाग्यवती आता सकाळी साडेपाचला अंगणात आसनं करते आणि मग घंटीबाबाच्या देवळापर्यंत चालून येते. दीड किलो उतरलं, पण चार महिन्यांत, आणि ते परत आलं नाही. वजन ती स्वतः बघते. घड्याळ आणि वही माझ्याकडून कायमची काढून घेतली आहे.

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. हॉट योगा त्याने सोडला. आता तो बर्फाच्या पाण्यात बसतो. त्याने म्हणे चरबी जळते, विष जातं आणि...

सौ. पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "त्याला म्हणावं, ते इकडे मे महिन्यात पाठव."